बांधा सडपातळ

२०१७ साल होतं आणि मी त्रेसष्ट वर्षांचा होतो, तेव्हा तो पहिल्यांदा आमच्या फाटकात दिसला. फाटकात म्हणजे, फाटक बंद होतं आणि हा आत उभा. मी खुर्चीवरून उठलो. म्हणालो, "कुठनं आलास रं?" त्यानं मागं बोट केलं. फाटकाचे दोन पल्ले साखळीनं बांधलेले असत आणि मधे वीतभर फट राहायची. तिच्यातून कुत्रं येतं हे मला ठाऊक होतं. माणूसही येतो हे त्या दिवशी कळलं.

चिखलीतला तो कारखाना. लोखंडी पत्रे दाबून गाड्यांचे भाग काढायचे आणि टेम्पोत भरून चाकणच्या कंपन्यांना पोचवायचे, एवढंच काम. मी तिथं वॉचमन होतो. माझी शाळा चौथीपर्यंत झाली, पुढची तालमीत. त्यामुळं शेठपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे मला पैलवान म्हणत आणि मी ते मुकाट म्हणू देत असे, कारण ते खरं होतं. असा मी, आणि समोर हा. सदरा खिळ्याला अडकवल्यासारखा खांद्यांवर लटकलेला, गळ्याची हाडं दोन बाजूंना दोन पन्हळींसारखी. पाऊस पडला असता तर त्यांत पाणी साठलं असतं.

त्याला टेम्पोवर माल चढवायचं काम हवं होतं. शेठ हसला. पॅकिंगला बस म्हणाला, सावलीत. हा म्हणाला, "न्हाई मालक, टेम्पोवरच द्या." मग शेठनं त्याला भरलेला क्रेट उचलायला लावला. त्यानं तो उचलला, टेम्पोपर्यंत नेला आणि ठेवला. मानेच्या शिरा एवढ्या फुगल्या की आम्हीच दुसरीकडं बघितलं. टेम्पोचा ड्रायव्हर नाना खिडकीतून ओरडला, "शेठ, हे पाप्याचं पितर क्रेटखाली गेलं तर पंचनामा माझ्या गाडीचा व्हायचा!" सगळे हसले. मीही हसलो. त्या दिवसापासून तो पितर. पगाराच्या दिवशीसुद्धा शेठ हाक मारायचा, "पितर, ये रे."

त्याच्या बारीकपणाचा नानाला फायदाच झाला. टेम्पो मालानं ठासून भरला की हेल्परला बसायला जागा उरत नसे, त्यावरून रोज भांडण. हा आल्यापासून ते मिटलं. क्रेट आणि टेम्पोचा मागचा फाळका यांच्यामधे जी काही फट उरेल तिच्यात हा आडवा शिरायचा आणि चाकणला पोचला की बाहेर निघायचा. नाना सगळ्यांना सांगायचा, "ह्याला जागा लागत न्हाई राव. माल भरल्यावर जी हवा उरती, तिच्यात बसतो."

आता कुणाला वाटेल, खात नसेल. तसं नाही. दोन ज्वारीच्या भाकरी, वर ठेचा, वर माझ्या डब्यातला भात. मी एकदा विचारलं, "एवढं खातोस ते जातं कुठं?" म्हणाला, "पायात." रविवारी सुट्टी असली की हा सकाळी निघायचा आणि चालायचा. कधी देहूरोड, कधी थेरगावला डांगे चौकात, जिथं रोजंदारीची माणसं सकाळी उभी राहतात. मला वाटलं, असतो एकेकाला नाद. मग नाना कुरकुरायला लागला. "पैलवान, तुमच्या पितराला समजवा. दर कंपनीच्या गेटवर हा तोंडं बघत उभा राहतो. शिफ्ट सुटायच्या टायमाला तर हलतच न्हाई. पोरी बघतो का काय ह्या वयात?"

मी दुपारी त्याला बाजूला घेतला. सरळ विचारलं. तो भाकरी मोडत होता. मोडलेली भाकरी परत डब्यात ठेवली आणि म्हणाला, "पैलवान, माझं लेकरू हरवलंय."

परभणीकडचा हा. पोरगा ठेकेदाराबरोबर चाकणला आला होता, कंपनीत ठेक्यावर लागला, चिखलीतच चौघांबरोबर खोली करून राहायचा. ठेका संपला, कामावरून ब्रेक दिला. एका सकाळी पोरगा बॅग घेऊन निघाला. खोलीतल्यांना वाटलं, गावी गेला. गावी वाटलं, कामावर आहे. दोन्हीकडच्यांनी एकमेकांवर सोडलं आणि त्यात कितीतरी दिवस गेले. फोन बंद. बाप शोधत आला. आल्यावर त्याच्या ध्यानात आलं, की नुसतं फिरायचं तर कुणी गेटजवळ उभं करत नाही, पण मालाच्या टेम्पोबरोबर गेलं तर सगळ्या कंपन्यांची फाटकं उघडतात. म्हणून टेम्पोवरचं काम. सावलीतलं नको.

मी म्हणालो, "चौकीत तक्रार दिलीस का?" गावाकडच्या ठाण्यात गेला होता. तिथं म्हणाले, जिथून गेला तिथं द्या. इथं एकट्याला जायची भीती वाटत होती. मी म्हणालो, चल. आमचं घराणं इथलं जुनं, चौकीत मला खुर्ची देतात.

जमादार बरा माणूस होता. नाव लिहिलं, वय लिहिलं, रंग सावळा लिहिला. मग म्हणाला, "बांधा?" हा माझ्याकडं बघायला लागला. पुन्हा विचारलं, "बांधा कसा?" हा हात जोडून म्हणाला, "बांधाचं काय बी भांडण न्हाई सायेब. आमाला शेतच न्हाई." जमादारानं पेन खाली ठेवून हसून घेतलं. मी म्हणालो, "येड्या, अंगाचा बांधा विचारत्यात. जाड का बारीक." तर म्हणाला, "माझ्यासारखाच हाय." जमादारानं त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि सहज, वाईट मनानं नव्हे, म्हणाला, "म्हणजे पाप्याचं पितर. असं लिहू का?"

आणि हा उठून उभा राहिला. एरवी साहेबासमोर मान वर न करणारा माणूस. "लिहू नका. सायेब, ते तेवढं लिहू नका. माझं लेकरू जित्तं हाय."

जमादाराला कळेना. मलाही कळलं नाही. बारीक माणसाला बारीक म्हटलं तर त्यात जितं-मेलं कुठून आलं? जमादारानं "बांधा सडपातळ" असं लिहिलं, वाचून दाखवलं, बापाचा मोबाइल नंबर घातला आणि आम्ही बाहेर आलो.

चहाच्या गाडीवर तो बोलला. त्याचे वडील गावात पत्रावळी लावायचे. पितृपंधरवड्यात घरोघरी पानं पोचवायला हा लहानपणी जायचा, त्यामुळं ते सगळं ऐकलेलं. म्हणाला, "पैलवान, तुमी लोक म्हणायले तर मी हसतो. पण अर्थ काय त्याचा? पितर म्हंजे मेलेला. त्याला मागच्यांनी पान ठेवायचं, घास घालायचा. पण मागं राहिलेला पापी निघाला, त्यानं घातलाच न्हाई, न्हाईतर त्यानं घातलेला पोचलाच न्हाई, तर वर गेलेला उपाशी राहतो. वाळतो. ते पाप्याचं पितर. बारीक हाय तो पितर. पाप दुसऱ्याचं." चहा निवून गेला होता त्याचा. "मला म्हणलं की माझं लेकरू पापी ठरतंय. आणि लेकराला म्हणलं की लेकरू मेलं, आणि पापी मी."

आमच्याकडं अंगाला शब्दांची काही कमी नाही. तालमीत तर शिवीसुद्धा अंगावरून. लुकडा, काटकुळा, हडक्या, काडी. मला लहानपणी ढोल म्हणत, मग रेडा म्हणायला लागले, मग मी एकदोघांना उचलून आपटल्यावर पैलवान. त्या शब्दांचं काय आहे, काडी म्हटलं की काडी, रेडा म्हटलं की रेडा, वस्तू नाहीतर जनावर दिसतं आणि विषय संपतो. हा एकच शब्द असा, की दिसतो बारीक माणूस आणि बोट जातं त्याच्या पोराकडं. साठ वर्षं तो माझ्या तोंडात होता आणि मी त्याच्या आत कधी बघितलं नव्हतं. कुणीच बघत नाही. लोक तोंडात शब्द फिरवतात आणि थुंकतात, पानासारखा.

मी नानाला एकदा सांगितलं, की त्याला पितर म्हणायचं नाही. माझं एकदा सांगणं पुरतं. नाना म्हणाला, "मग काय म्हणू?" मी म्हणालो, सडपातळ म्हण. दुसऱ्या दिवसापासून नानाची आरोळी सुरू, "ओ सडपातळराव, उतरा खाली, चाकण आलं!" तो हसत उतरायचा. त्यानंतर त्यानं कधी आपणहून पोराचा विषय काढला नाही, पण थट्टा करायची तर पितरांवरूनच करायचा. माझा डबा उघडला की म्हणायचा, "तुमचे पितर लई जाड असतील पैलवान. उतरताना कावळ्याचं पंख मोडत असंल."

पितृपंधरवडा आला की मात्र त्याचं हसू जायचं. कुणी ना कुणी शहाणा सांगायचाच, की अरे, ज्याची तिथी माहीत नाही त्याला सर्वपित्रीला घास घालतात, एक पान ठेव, मोकळा हो. तो ऐकून घ्यायचा. एका वर्षी त्या अमावस्येला तो डबा न उघडता बसला होता. मी विचारलं तर म्हणाला, बायकोचा फोन आला होता. तिनं गावी पान ठेवलं. पोराच्या नावानं.

"मग तू काय म्हणालास?"

"काय म्हणू? भांडलो. म्हणलं, तू लेकराला मारलंस. ती म्हणाली, मेलेलं असंल आणि उपाशी असंल तर?" मग म्हणाला, "ती आई हाय. तिला लेकरू उपाशी बघवंना. मी बाप हाय, मला मेलेलं बघवंना. दोघांचं बी खरं हाय, पैलवान. घास घालावा तर मेलं म्हणायचं. न घालावा आणि खरंच मेलेलं असंल तर मीच तो पापी. कसं करावं?"

मी तसा कुणाचं ऐकून घेणारा माणूस नाही, माझ्याकडं प्रत्येक गोष्टीला उत्तर असतं, असं आमच्या घरात म्हणतात. त्या दिवशी मी म्हणालो, "डबा उघड." त्यानं उघडला. खाल्लं नाही.

मग ते लॉकडाऊनचं आलं. कारखाना बंद. आम्ही घरात बसलो आणि हा मोशीकडं जाऊन रस्त्याच्या कडेला उभा. कारण चाकणच्या खोल्या रिकाम्या होत होत्या आणि सगळी माणसं एकाच रस्त्यानं निघाली होती. त्याचा हिशेब बरोबर होता. जे पोरगं कुठल्यातरी शेडमधे, कुठल्यातरी खोलीत दडलेलं असेल, ते आता बाहेर येणारच. पोलिसांनी दोनदा हुसकावलं, दोनदा परत गेला. मी फोन केला, "काय दिसलं का?" म्हणाला, "समद्यांची तोंडं बांधलेली हायेत, पैलवान. कुणाला रुमाल, कुणाला मास्क. देवानं एवढी माणसं माझ्यापुढनं नेली आणि तोंडं झाकून नेली."

मला वाटतं, त्या दिवसांतच तो आतून सुटला. कारखाना परत सुरू झाला, तो परत टेम्पोवर आला, गेटवर उभाही राहायचा, पण आता बघायचा नाही. डोळे असायचे त्या बाजूला, एवढंच. नाना म्हणाला, "पैलवान, ते आता हाक मारल्याबिगर उतरत न्हाई."

पुढं त्याची भाकरी खायची राहिली. ठेचा राहिला. माझ्या डब्यातला भातही राहिला, नुसतं ताक प्यायचा. आधीच बारीक, त्यामुळं आणखी बारीक झालेला कुणाला पटकन कळलाही नाही. जाड माणूस वाळला तर गाव विचारतं. ह्याला कोण विचारणार? एक दिवस त्यानं क्रेटला हात घातला आणि तो उचलला गेला नाही. मी त्याला दवाखान्यात घेऊन गेलो. अन्ननळीत गाठ. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला. म्हणाले, वजन एवढं उतरलं तेव्हाच का नाही आणलं? आता डॉक्टरांना काय सांगायचं, की उतरायला होतं कुठं?

शेवटी तो बोलायचा ते कानाजवळ जाऊन ऐकावं लागे. एका दुपारी मला खूण करून वाकवलं. माझं पोट मधे येत होतं, तर त्यातही म्हणाला, "आवरा जरा ते." मग म्हणाला, "एक करा. मी गेल्यावर लोक म्हणतील, पोरानं बघितलं न्हाई म्हणून बाप असा वाळून गेला. तसं म्हणू देऊ नका. नळीत गाठ होती, म्हणून वाळलो. डॉक्टरनं सांगितलंय तसं सांगा. लेकरामुळं न्हाई."

मी म्हणालो, "सांगतो."

"समद्यांला सांगा."

"व्हय, समद्यांला सांगतो. तू गप पड."

तो गेला. गावाकडून भाऊ आला, बायको आली. गावी न्यायची सोय नव्हती, म्हणून इथंच सगळं केलं. दहाव्याला आम्ही इंद्रायणीवर गेलो. नदीवर पांढरा फेस होता, त्याच्या कडेला बसून भावानं पिंड ठेवला. ठेवता ठेवता म्हणाला, "हे काम पोराचं. पोरानंच खाल्लं माझ्या भावाला." मी तिथंच, सगळ्यांसमोर म्हणालो, "अन्ननळीत गाठ होती." भाऊ म्हणाला, "ते हाय, पण..." मी म्हणालो, "पण न्हाई. गाठ होती." ह्या वेळी दोनदा सांगावं लागलं, पण पुरलं.

मग आम्ही लांब जाऊन उभे राहिलो. मी ठरवून आलो होतो, की कावळा काही शिवणार नाही. ज्या माणसाचं आयुष्य एका पोरापायी अडून राहिलं, त्याच्या पिंडाला कावळा येतोय कशाला? आणि तो आला नाही की सगळे माझ्याकडं बघणार, काय इच्छा राहिली सांगा, कबूल करा म्हणणार. मी मोठ्यानं म्हणणार होतो, "तुझ्या पोराला शोधतो." शब्द तोंडात तयार होते.

कावळा लगेच आला. आम्ही पाठ फिरवतोय तोवर आला. शितं उधळली, चोच भरली, दुसरा बोलावला. भाऊ म्हणाला, "सुटला! मोकळा झाला!" नाना म्हणाला, "भाग्यवान राव, काही ठेवलं न्हाई मागं." लोक घड्याळ बघून निघाले, कुणाची दुसरी शिफ्ट होती. मी तिथंच उभा राहिलो. मला त्या कावळ्याचा असा राग आला की दगड उचलला होता हातात. त्याची इच्छा राहिली नव्हती? त्याची? मग मी स्वतःला सांगितलं, कावळ्याला भूक लागते, कावळा खातो. त्याला काय कळतंय. मग वाटलं, पण त्याला कळत असेल तर? तर मग तो माणूस शेवटी वाट बघत नव्हता. तर मग त्याला माहीत होतं.

त्याच्या खोलीवर आलो. त्याची बायको दारात बसली होती. नवऱ्यापेक्षा अंगानं थोडी भरलेली, पण फार नव्हे. मला बघून पदर सावरला आणि विचारलं, "दादा, शिवला का?"

"शिवला."

"लगीच?"

मी खोटं बोलत नाही. म्हणालो, "लगीच."

तिनं मान हलवली, जसं कुणी आपल्याला माहीत असलेलीच गोष्ट सांगितली. म्हणाली, "मग भेटलं असंल त्यायला लेकरू. वरच." आणि हळूच म्हणाली, "बरं झालं. दोघं बी उपाशी न्हाईत."

ती रडली नाही. मी तिच्यापुढं उभा राहू शकलो नाही. घरी आलो, जेवलो नाही. ती म्हणते ते खरं असेल. ती आई आहे, तिला ठाऊक असेल. कावळ्यालाही ठाऊक असेल. पण मला कुणी सांगितलं म्हणून मी आजवर काही मानलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चौकीत गेलो. जमादार बदलला होता, नवा पोरसवदा होता, त्यानं मला खुर्ची दिली नाही. मी उभ्यानंच सांगितलं, की हरवलेल्या पोराची तक्रार आहे, तिच्यावर बापाचा नंबर आहे, बाप वारला, तो काढा आणि माझा घाला. त्यानं शोधलं. बराच वेळ लागला. म्हणाला, "आजोबा, एवढ्या वर्षांनी?" मी म्हणालो, "लिवा." म्हणाला, "तुम्ही कोण लागता?" मी म्हणालो, "नंबर लिवा." त्यानं लिहिला. मी म्हणालो, वाचून दाखवा. त्यानं वाचला. एक आकडा चुकला होता. तो मी खोडायला लावला आणि पुन्हा पहिल्यापासून, एकेक आकडा सावकाश सांगितला.